ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? हवा अशी काढा

चोर्ला घाट उतरताना पेडल मऊ होत जातं आणि गाडी थंड झाली की पुन्हा बरं लागतं, असं होत असेल तर बहुधा ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलंय. हे ऑइल हवेतलं बाष्प ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं (ब्रेक ऑइलची एक प्रत) ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याआधीच जिरतो. खानापूर-कणकुंबीच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं ऑइल म्हणूनच दोन वर्षांपलीकडे ठेवू नये.

पाना हातात घेण्याआधी इंजिन चालू करून पेडल दाबून बघा. स्पंजासारखं लागलं तर ब्रेकच्या पाइपात हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जातं आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर येऊन कडक लागतं, तर आधी मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट बघा. लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) आणि ड्रममध्ये अंतर वाढलेलं असतं. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठंतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मुख्य पंपाचं) रबर गेलंय. त्यावर हवा काढणं हा उपाय नव्हे.

ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल घ्या. चारही चाकांचं जुनं ऑइल बदलायला एक लिटर पुरतं. डबा सीलबंदच हवा. सहा महिन्यांपूर्वी फोडलेला अर्धा डबा वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. निप्पलला (प्रत्येक चाकाच्या ब्रेकवरच्या, हवा काढायच्या पोकळ स्क्रूला) ८, १० किंवा ११ मिमीचा रिंग पाना लागतो. फिक्स पान्यानं निप्पलचे कोपरे गोल होतात आणि मग कामच अडतं. गंजलेल्या निप्पलवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. निप्पलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी आणि तळाशी थोडं ऑइल घातलेली बाटली एवढं झालं की तयारी पुरी.

गाडी सपाट जागी घ्या, चाकांना उटी लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडे (लोखंडी स्टँड) द्या; जांभ्याचा चिरा ठेवू नका, वजनाखाली तो कधी फुटेल याचा नेम नसतो. बऱ्याच पिकअप आणि व्हॅनमध्ये मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. मागची चाकं लोंबकळत असतील तर तो मागचं ऑइल रोखतो, म्हणून तिथं चाकं जमिनीवर ठेवूनच काम करा.

इंजिन बंद ठेवा. आपल्याकडच्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत साधारण क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. आधी टाकीतलं काळपट ऑइल सिरिंजनं ओढून नवं भरा, म्हणजे तो गाळ अख्ख्या पाइपातून फिरणार नाही.

आता खरं काम. पेडलवर बसलेल्या माणसानं तीन-चार वेळा सावकाश दाबून शेवटी दाबून धरायचं. तुम्ही निप्पल पाव वळसा उघडायचं. ऑइल आणि बुडबुडे नळीतून येतील, पेडल खाली जाईल. निप्पल बंद झाल्यावरच पाय वर. पाय आधी उचलला तर आटे आणि नळीतून हवा परत आत जाते आणि केलेलं सगळं वाया. हाका म्हणून आधी ठरवून घ्या. नुसतं ‘सोड’ म्हणू नका: तुम्ही निप्पल सोडत असता आणि वरचा गडी पाय सोडतो! ‘दाब’, ‘धर’, ‘उचल पाय’ एवढं पुरतं. गडी कन्नड बोलणारा असेल तर त्याच्या भाषेत ठरवा.

जुन्या गाडीत पेडल पार तळाला नेऊ नका. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज बसलेला असतो, त्यावर रबर घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. दर चार-पाच दाबांनी टाकी बघा. ती रिकामी झाली तर हवा मास्टरमध्ये शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नळीत बुडबुडा दिसेनासा होऊन स्वच्छ ऑइल येऊ लागलं की पुढचं चाक घ्या.

बुडबुडे थांबूनही पेडल मऊच असेल तर पुढचे कॅलिपर (डिस्कला पकडणारे भाग) डावे-उजवे अदलाबदल झालेत का बघा. निप्पल नेहमी वरच्या बाजूला हवं, नाहीतर हवा वरच अडकून राहते. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर घरी निघणं कठीण. स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो.

निप्पल आवळताना जोर दाखवू नका, पोकळ असतं ते, तुटतं. रबरी टोपी परत बसवा. रंगावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलतो. पेडल दाबून धरून इंजिन चालू केल्यावर ते किंचित खाली गेलं तर बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) ठीक आहे. मग एका माणसाला पेडल जोरात दाबून धरायला लावून चारही निप्पल ओली होतात का ते बघा. घाटात जाण्याआधी मोकळ्या सपाट रस्त्यावर कमी वेगात पाच-सहा वेळा ब्रेक लावून पाहा.