उसातला हरभरा: वरंब्याला ओल पोचू द्या, पाणी नको

पूर्वहंगामी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या, उसाचे पैसे हातात पडायला चौदा-पंधरा महिने जातात. तोवर बेणे, लागण, खत, बांधणी (उसाला मातीची भर लावणे) सगळे पदरचे. पहिले तीन महिने सरीतला ऊस लहान असतो, दोन सऱ्यांमधल्या उंच वरंब्यावर नुसते तण माजते. त्याच वरंब्यावर हरभरा घेतला तर फेब्रुवारीत बांधणीचा खर्च हाताशी येतो. दौंड तालुक्यात, खडकवासल्याच्या कालव्यावर मी हे बरीच वर्षे करतोय. ‘आंतरपीक घ्या’ म्हणणारे गावोगाव भेटतात, पण पाणी कसे द्यायचे ते कोणी सांगत नाही.

सरी पाच फुटांची पाडा. तीन फुटी सरीत हरभऱ्याचा नाद सोडा. लागण १५ ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. उसाचा वाण को ८६०३२ असो की फुले २६५, दोन डोळ्यांची टिपरी, बेणेप्रक्रिया नेहमीची. लागणीच्या पाण्यानंतर वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की वरंब्याच्या दोन्ही बगलांना, निम्म्या उंचीवर, १० सेंटिमीटरवर एकेक दाणा टोका. हरभऱ्याच्या विजय वाणाचे एकरी १० ते १२ किलो बी पुरते. बियाला रायझोबियम (मुळांच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणू) चोळायला विसरू नका.

गहू मात्र उसात घेऊ नका. तो दाट वाढून उसाचे नत्र ओढतो आणि फुटव्यांच्या वेळी सावली धरतो. गव्हाची पोती मोजताना बरे वाटते, तोडणीला उसाचे वजन बघून वाईट वाटते.

आता पाणी. ऊस पाण्याचा भुकेला आणि हरभरा पाण्याला भिणारा. दोघे एकाच सरीवर. पहिल्या वर्षी डिसेंबरात कालव्याच्या पाण्याची पाळी, म्हणजे आवर्तन, आले. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून रात्री दार धरून सऱ्या काठोकाठ भरल्या. आमची जमीन काळी, भारी. आठवड्यात खालच्या अंगाचा हरभरा पिवळा पडून माना टाकू लागला. उपटून पाहिला तर मुळे कुजलेली. वरच्या अंगाचा वाचला, पण नुसता पाल्यावर गेला. गुडघाभर वाढ आणि घाटे मोजके. त्या वर्षी मजुरीसुद्धा निघाली नाही.

तेव्हापासून पाणी तळापासून सरीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच चढू देतो. सऱ्या लांब ठेवत नाही. लांब सरीत शेवटाला पाणी पोचेपर्यंत तोंडाकडचा वरंबा बुडतो. सरीची पाऊण लांबी भिजली की दार मोडून पुढची सरी धरतो, उरलेली वाहत्या पाण्यावर भिजते. दुसऱ्या दिवशी वरंब्यात चार बोटे उकरून बघा. माती मुठीत दाबली की गोळा होतो, पण हाताला चिखल लागत नाही, एवढी ओल हवी. ती तळातून आपोआप चढते. थंडीत भारी जमिनीत ऊस पाण्यावाचून १५-२० दिवस थांबतो. म्हणून एक पाणी कळ्या दिसायच्या आधी, एक घाटे भरताना द्या, आणि भर फुलोऱ्यात शक्यतो टाळाच. आवर्तन नेमके तेव्हाच आले तर तळ ओला होईल इतकेच द्या. आणि दार उघडून घरी झोपायला जाऊ नका, तिथेच उभे राहा. ठिबक असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

तण खुरपूनच काढा. अॅट्राझिन, मेट्रिब्युझिन, २,४-डी उसाला चालतात, हरभरा जाळतात. दुकानातून ‘उसाचे औषध’ मागून आणले आणि हरभरा गेला, असे आमच्या शिवारात घडले आहे. घाटेअळीसाठी फुलोऱ्यापासून पक्षिथांबे लावा, ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

उसाचे खत हरभऱ्यासाठी कमी करू नका. हेक्टरी ३४०:१७०:१७० किलो नत्र, स्फुरद, पालाश ठेवाच. फक्त युरिया उसाच्या ओळीत, मातीआड द्या. वरंब्यावर पडला की हरभरा पुन्हा पाल्यावर जातो.

साधारण ११० दिवसांत घाटे वाळतात. विळ्याने जमिनीलगत कापा, उपटू नका. गाठींची मुळे उसाच्या कामाची. मळणीचा भुसा गुरांना जाऊ दे, गळालेला पाला सरीत राहू दे. त्याच आठवड्यात वरंबा फोडून उसाला भर लावा आणि नत्राचा राहिलेला हप्ता द्या. मग पाणी सोडा, आता सरी भरून.