परदेशातून पैसे मागवताना स्विफ्ट कोडच्या या चुका टाळा

दारव्हा, दिग्रसकडची पोरं आता दुबई-मस्कतला कामाला आहेत. घरी पैसा येतो, पण कोडच्या घोळात अडकतो, आणि मग पासबुक घेऊन म्हातारा बाप शाखेत चकरा मारतो. हे पाहून जीव तुटतो.

स्विफ्ट म्हणजे परदेशातून पैसे येताना बँक ओळखायचा कोड, आणि आयएफएससी म्हणजे देशातल्या व्यवहारात शाखा ओळखायचा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्विफ्टच्या जागी आयएफएससी देणं. आयएफएससी ११ अक्षरांचा, स्विफ्टही ८ किंवा ११ चा. स्टेट बँकेचे तर दोन्ही ‘एसबीआयएन’नेच सुरू होतात. पाचवी जागा पाहा: आयएफएससीत तिथे कायम शून्य असतो, स्विफ्टमध्ये देशाचा ‘आयएन’ सुरू होतो. आयएफएससी देशातल्या देशात चालतो, स्विफ्टच्या जागी नाही.

दुसरी चूक, आपल्या गावच्या शाखेचा कोड नेटवर हुडकणं. खेड्यातल्या शाखेला बहुतेक वेळा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतोच. मुख्य शाखेचा कोड आणि पूर्ण खाते क्रमांक दिला की काम होतं.

आमच्या ओळखीच्या एका कास्तकाराचं खातं सहकारी बँकेत होतं. त्या बँकेला स्विफ्ट नाही. पोरानं घाईत दुसऱ्याच मोठ्या बँकेचा कोड टाकला आणि खाली बापाचा खाते क्रमांक. त्या मोठ्या बँकेच्या मुंबईच्या शाखेत त्या नंबरचं खातंच नव्हतं. पैसे तिथं पडून राहिले, मग शुल्क कापून परत गेले. तोवर मृग लागला होता. सरकीची पाकिटं त्या कास्तकाराला कृषी केंद्रातून उधारीवर उचलावी लागली. शाखेत एकदा विचारलं असतं तर हे टळलं असतं. सहकारी बँकेत खातं असेल तर परदेशी पैसा तिथं येतो का हे आधी विचारा. नसेल येत, तर राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडा. माझ्या मते हाच सरळ रस्ता.

नाव पासबुकावर आहे तसंच लिहा. ‘भाऊराव’चं ‘भाऊ’ करू नका.

‘आयबॅन’ म्हणजे काही देशांतला आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक; तो भारतात नाही. तिकडचा फॉर्म मागत असेल तर मनानं आकडे भरू नका. आपण तिकडे पैसे पाठवताना मात्र तो लागतो: जर्मनीचा २२ अक्षरांचा, अमिरातीचा २३.

मी कोड शाखेतून कागदावर लिहून, शिक्का मारून घेतो आणि त्याचाच फोटो पोराला पाठवायला लावतो. फोनवर सांगितलेल्या कोडात ‘बी’चा ‘डी’ होतो. नव्या पोरांना यात वेळ जातो असं वाटतं. अडकलेला पैसा सोडवायला किती जातो ते त्यांच्या बापाला विचारा.

पैसे निघाले की पोराकडून पावतीसोबत यूईटीआर नंबरही, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतःचा ओळख क्रमांक, मागून घ्या. पैसा कुठं अडकला हे बँकेला त्यावरून शोधता येतं.