लिनक्सवर लॅपटॉपच्या बॅटरीचा खरा हिशेब

पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे १०० टक्के म्हणजे बॅटरी नवी असतानाचे १०० नव्हेत. आज तिच्यात जेवढं मावतं, त्याचे ते टक्के. म्हणून जुना लॅपटॉप पूर्ण चार्ज होऊनही तासाभरात मान टाकतो. नेमकी स्थिती कळायला कर्नल (लिनक्सचा गाभा) जे आकडे देतं तेच वाचावेत. त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही.

टर्मिनल उघडा आणि मुळातल्या 'सिस' फोल्डरमधून 'क्लास' आणि मग 'पॉवर_सप्लाय' या फोल्डरमध्ये जा. (नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.) तिथे बॅटरी 'बॅट०' नावाने दिसेल, काही मशीनवर 'बॅट१' नावाने. हे नाव मात्र कॅपिटल अक्षरांत असतं. आतल्या फायली 'कॅट' कमांडने वाचता येतात, रूट (म्हणजे प्रशासकाची) परवानगी लागत नाही.

पहिल्यांदा 'एनर्जी_फुल_डिझाइन' आणि 'एनर्जी_फुल' बघा. आकडे मायक्रोवॉट-तासांत असतात, १० लाखांनी भागायचे. समजा पहिला ५००४०००० आणि दुसरा ३८२१०००० आला. म्हणजे कारखान्यातून निघताना ५०.०४ वॉट-तास मावत होते, आता ३८.२१ मावतात. बॅटरी ७६ टक्क्यांवर आली आहे. किती वेळ उरला हे काढायला 'एनर्जी_नाऊ'ला 'पॉवर_नाऊ'ने भागा: २१ वॉट-तास शिल्लक आणि खर्च ८.४ वॉट असेल, तर अडीच तास. पण हा खर्च क्षणाक्षणाला बदलतो. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की लगेच चढतो. एकाच वाचनावर विसंबू नका, मिनिटभरात पाच-सहा वाचनं घेऊन सरासरी काढा.

'एनर्जी'च्या फायली सापडत नाहीत? मग तुमची बॅटरी 'चार्ज_फुल', 'चार्ज_नाऊ' अशा नावांनी मायक्रोअँपिअर-तासांत आणि 'करंट_नाऊ' या नावाने मायक्रोअँपिअरमध्ये बोलते. भागाकार तोच. वॉट-तास हवेत तर व्होल्टेजने गुणा. 'सायकल_काउंट' (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली त्याची मोजणी) शून्य दिसला तरी बॅटरी नवी आहे असं समजू नका. कित्येक मशीन ही मोजणी पुरवतच नाहीत.

थिंकपॅड टी४४०एससारख्या लॅपटॉपमध्ये दोन बॅटऱ्या असतात. तिथे दोन टक्क्यांची सरासरी काढणं साफ चूक, कारण दोघींची क्षमता वेगळी असू शकते. दोन्हींचे 'एनर्जी_नाऊ' एकत्र करा, दोन्हींचे 'एनर्जी_फुल' एकत्र करा, मग भागा.

प्लग लावलेला असूनही 'स्टेटस'मध्ये 'नॉट चार्जिंग' दिसलं, तर आधी 'चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड' तपासा. तिथे ८० असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांना मुद्दाम थांबवलं आहे. लॅपटॉप दिवसभर प्लगला लावलेला राहत असेल तर ही मर्यादा जरूर ठेवा, बॅटरी जास्त टिकते.

बॅटरी कमी झाल्याच्या इशाऱ्यासाठी स्क्रिप्ट लिहून ती क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी कामं चालवणारी सेवा) टाकली, तर बहुधा स्क्रीनवर काहीच उमटणार नाही. क्रॉनला तुमच्या डेस्कटॉप सेशनच्या डी-बसचा (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती वाट) पत्ता माहीत नसतो. त्याऐवजी सिस्टमडीचा (लिनक्सवरच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) यूजर टायमर वापरा, दोन मिनिटांतून एकदा पुरे. दर सेकंदाला वाचत राहिलं तर प्रोसेसर सतत जागा होतो आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात तीच संपते.

बहुतेक डेस्कटॉपवर इशाऱ्याचं आणि शेवटच्या क्षणी मशीन झोपवण्याचं काम यूपॉवर ही पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिस करते. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'पर्सेंटेज लो', 'पर्सेंटेज क्रिटिकल' आणि 'पर्सेंटेज अॅक्शन' हे तीन आकडे असतात. ते उतरत्या क्रमानेच हवेत. क्रम चुकला तर यूपॉवर तुमचे आकडे सोडून मूळचेच वापरतं. झिजलेली बॅटरी १५ टक्क्यांवरही अचानक बंद पडते, कारण भार वाढताच तिचं व्होल्टेज कोसळतं. अशा बॅटरीसाठी ३०, २२, १८ असे आकडे ठेवा आणि बदल केल्यावर यूपॉवरची सर्व्हिस रीस्टार्ट करा.

लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी किंवा ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टम असतील तर कमांड वेगळ्या. फ्रीबीएसडीवर 'एसीपीआयकॉन्फ' कमांडला 'आय' पर्याय आणि शून्य द्या, मूळ क्षमता आणि शेवटची पूर्ण क्षमता दोन्ही एकत्र दिसतात. ओपनबीएसडीवर नुसतं 'एपीएम' म्हटलं की टक्के आणि उरलेला वेळ कळतो.