ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी निधी मागताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आगेमागे वाळवा, पलूस, कडेगावच्या फडांत कोयते उतरले की माझा फोन वाजायला लागतो. "टोळीतल्या पोरांसाठी काहीतरी करायचंय, सीएसआर कुठून मिळेल?" सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी काढलेला निधी. तळमळ खरी असते. पण हा प्रश्न जूनमध्ये पडायला हवा होता. कागद उघडले की दरवर्षी त्याच चुका निघतात.

पहिली चूक आमच्याच संस्थेची सांगतो. एका कंपनीला आमचा पाळणाघराचा प्रस्ताव पसंत पडला होता. कोप्यांजवळ, म्हणजे टोळ्यांच्या झोपड्यांजवळ शेड, दोन ताया, दुपारचं जेवण. त्यांनी शेड्यूल वनची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची, ताजी नक्कल मागितली. ती काढली, तर सात विश्वस्तांपैकी दोघे वारलेले, एक कायमचा पुण्याला गेलेला, आणि नोंद मात्र तशीच. नव्या लोकांची निवड ठरावाच्या वहीत होती, सह्याही होत्या. बदल अर्ज कोणी केलाच नव्हता. कायद्याने तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. आम्हाला काही वर्षांचा उशीर झाला होता. मग विलंब माफीचा अर्ज, मृत्यूचे दाखले, नव्यांची संमतिपत्रं, प्रतिज्ञापत्रं, तारखा. आदेश हातात आला तेव्हा पट्टा पडला होता, म्हणजे गाळप संपलं होतं, आणि टोळ्या बीडच्या वाटेला लागल्या होत्या. तो पूर्ण हंगाम फडाच्या कडेला, गाडीच्या सावलीत झोपवलेली तान्ही पोरं मी जाता-येता पाहत होतो. पैसे मंजूर होते, देणारे तयार होते. अडलं ते आमच्या आळसापायी.

तेव्हापासून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शेड्यूल वनची नवी नक्कल काढतो आणि विश्वस्तांच्या यादीशी, बँकेतल्या सह्यांशी एकेक नाव ताडून बघतो. "आठ दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. कायद्यातल्या पायऱ्या कोणालाही गाळता येत नाहीत.

दुसरी चूक वेळेची. मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हंगाम संपतो मार्चच्या सुमाराला, आणि पैशाचं वर्षही ३१ मार्चलाच संपतं. हप्ता फेब्रुवारीत आला की माणसं घाईघाईने दप्तरं, सतरंज्या, ब्लँकेटं वाटून खर्च दाखवतात. मला हे अजिबात पटत नाही. पोराला दप्तर मिळतं, शाळा मिळत नाही. कंपनीकडे मागताना प्रस्ताव सुरुवातीपासूनच 'चालू प्रकल्प' म्हणून मांडा. तसा मंजूर झाला तर न खर्चलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवते आणि ती पुढच्या ३ आर्थिक वर्षांत वापरता येते. म्हणजे पुढचा हंगाम सापडतो. मी प्रस्तावात महिन्यांची नावं लिहीतच नाही. 'मोळी पडण्याआधी', 'गाळप सुरू असताना', 'टोळ्या परतल्यावर' असे तीन रकाने करतो. देणाऱ्यालाही काम लगेच उमगतं.

काल नोंदणी आणि उद्या सीएसआर, हेही होत नाही. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा निधी घ्यायला संस्थेला सीएसआर-१ या फॉर्मने सरकारकडे नोंदणी लागते, आणि कंपनीने स्वतः न काढलेल्या, बाहेरच्या संस्थेकडे तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव मागतात. ती ३ वर्षं गावातल्या देणगीवर काढा. एका अंगणवाडीशी जोडून टोळ्यांच्या एका तळावर नीट काम करा. हजेरीची वही ठेवा.

सरकार जे देतंच आहे त्यासाठी देणगी मागू नका. बीडचं रेशनकार्ड इथल्या दुकानाच्या मशिनवर चालतं. आधी दुकानात घेऊन जा, अंगठा उमटत नसेल तर तिथे भांडा. लहानग्यांना अंगणवाडीचा आहार, मोठ्यांना शाळाप्रवेश हा त्यांचा हक्क आहे. देणगी मागायची ती पोरांना तळावरून शाळेत नेणाऱ्या गाडीला आणि दिवसभर त्यांच्याजवळ बसणाऱ्या ताईच्या मानधनाला.

परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून फिरवून घेऊ नका. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची सरकारी नोंदणी, असलेल्या संस्थेलाही २०२० च्या दुरुस्तीपासून तो पुढे देता येत नाही.

रोख देणगी २,००० रुपयांच्या वर घेतली तर देणाऱ्याला प्राप्तिकरातली देणगीची (८०जी) सवलत मिळत नाही. पावती फाडण्याआधी हे सांगा.

एकच पोर तीन अहवालांत मोजू नका.

बिलांचं शेवटी लिहितोय, पण उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच लागल्याचा दाखला, अडतं ते इथेच. मशिनवर छापलेली बिलं उन्हाळ्यात पांढरी पडतात, म्हणून मी त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचतो. आठवडी बाजारातला भाजीवाला बिल देत नाही. तिथे व्हाउचरवर माल, वजन, रक्कम लिहून त्याची सही किंवा अंगठा तिथल्या तिथे घ्यायचा. कोरी व्हाउचरं सही करून आणणारा एक उत्साही पोरगा गेल्या वर्षी आमच्याकडे होता. ती सगळी मी त्याच्यासमोर फाडली आणि पुढच्या मंगळवारी त्याला बाजारात सोबत नेलं.