प्राण्यांच्या आधारे प्राचीन रोमचा इतिहास कसा शिकवावा

रोमचा नकाशा आणि प्रजासत्ताकाची ढोबळ रूपरेषा मुलांना ठाऊक आहे, असे येथे गृहीत धरले आहे. आरंभ पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातील घराच्या दाराशी असलेल्या ‘कुत्र्यापासून सावध’ या मोझेकने, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्राने, करावा. दुसऱ्या तासाला रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इ.स.पू. 218 मध्ये आल्प्स ओलांडून नेलेले हत्ती घ्यावेत. मुलांना ते आवडतातच, तेथे रेंगाळू नये.

खरा कस लागतो तो रिंगणातील शिकारीच्या खेळांपाशी, आणि मलाही हाच टप्पा बराच काळ साधत नव्हता. इ.स. 80 मध्ये रोममधील कलोसियम या भव्य रिंगणाच्या उद्घाटनाला 9,000 प्राणी मारले गेले असे इतिहासकार डिओ सांगतो, आणि हा आकडा फळ्यावर लिहून धडा सुरू करावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच मानू नये. आकडा ऐकताच ‘रोमन लोक क्रूर होते’ असा निकाल देऊन वर्ग मोकळा होतो, आणि मग प्रश्न विचारावासा कोणालाच वाटत नाही.

त्याऐवजी रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो याची पत्रे वाचून दाखवावीत. इ.स.पू. 55 मध्ये रोमन सेनापती पॉम्पे याने भरवलेल्या खेळांत हत्ती पाहून लोकांना कणव आली, या प्राण्याचे माणसाशी काही नाते आहे असे त्यांना वाटले, असे तो लिहितो. तो खेळ पाहायला आलेली माणसेही हीच होती; मग दया आणि करमणूक एकाच बाकावर कशी बसली, एवढे विचारून शिक्षकाने गप्प राहावे. ही शांतता अवघड वाटली, तरी स्वतः उत्तर देऊन ती मोडू नये.

पुढे तोच सिसेरो किलिकिया (आजच्या तुर्कस्तानातील) या रोमन प्रांताचा राज्यपाल असताना, रोममध्ये खेळ भरवायचे असलेला त्याचा मित्र केलियस त्याच्याकडे बिबटे मागत राहतो. या प्रांतात सापळे फक्त आमच्यासाठीच लावले जातात, अशी तक्रार करून बिबटे शेजारच्या कारियात निघून चालले आहेत, असे सिसेरो थट्टेने कळवतो. मुले हसतात. त्याच वेळी विचारावे की हे बिबटे कोण पकडणार होते आणि त्याचा भार कोणावर पडणार होता. येथून राजकारण, प्रांतांची पिळवणूक आणि लोकप्रियतेचा खर्च मुले स्वतःच जोडू लागतात.

रोमन लेखक व्हॅरो याने शेतीच्या साधनांमध्ये गुलाम, बैल आणि गाडी यांना एकाच यादीत बसवले आहे; हा उतारा यानंतरच द्यावा, आधी दिल्यास तो नुसता धक्का ठरतो.

शेवटी सिसिली बेटावरील व्हिला रोमाना देल कासाले या रोमन हवेलीतील शिकारीच्या मोझेकचे मोठे छायाचित्र भिंतीवर लावावे, आणि शहामृग उचलून जहाजावर चढवणाऱ्या माणसांपैकी एकाच्या बाजूने प्रत्येकाकडून पानभर लिहून घ्यावे.