गावातली शेड भाड्याने देताय? चावी हातात देण्याआधी एवढं करा

गणपती-शिमगा सोडला तर कोकणातली निम्मी घरं बंदच, आंब्याची पॅकिंग शेड पण हंगाम सरला की रिकामी, आणि अशात कोणी एजंट मुंबईला फोन करतो, दादा शेड द्या, अगरबत्तीचं काम आहे, वर्षाचं भाडं एकदम कॅश देतो. जी शेड गावात कोणी फुकटातही झाडत नाही तिला इतके पैसे का, हे आधी त्यालाच विचारा.

मार्च २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इरळी गावात मुंबई क्राइम ब्रँचने एमडी म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या ड्रगचा कारखाना पकडला, शंभर किलोच्या वर माल. डिसेंबर २०२३ ला आपल्याच रायगडात, खोपोलीजवळ ढेकूला पण तेच. करणारे चार जण असतात, नाव गावाचं जातं. दापोलीच्या किनाऱ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये चरसाची पाकिटं लागली ती समुद्राने आणली हो, इथे आपण स्वतः चावी देतोय.

तर तोंडी व्यवहार नको. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी आणि रजिस्टर हवा आणि ती जबाबदारी मालकाची. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, ऑनलाइन होतं. आधारची झेरॉक्स व्हॉट्सॲपवर आली म्हणजे काम झालं नाही, माणूस समोर बसवा. करारात धंदा नावानिशी लिहा, पोटभाडेकरू नको, मालक येऊन आतून बघणार ही अट घालाच. यावर कुरकुर करतो त्याला तिथूनच नमस्कार.

मग वाडीतल्या एखाद्या काकांना लक्ष ठेवायला सांगा. सुकट वाळतेय की आंबोशी हे त्यांना वासावर कळतं, पण डोळे चुरचुरतात, घसा धरतो असा केमिकलचा वास रात्रीच यायला लागला, खिडक्यांना आतून काळं प्लास्टिक, लेबलं खरवडलेली निळी पिंपं, मागच्या पऱ्यात फेसाळ पाणी आणि मेलेले मासे, असं दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर गडबड आहे. महावितरणच्या ॲपवर मुंबईत बसून बिल बघता येतं, अगरबत्तीला एवढी वीज कशाला? आणि हो, बागेतल्या नेपाळी राखणदारावर उगाच संशय नको, तो बिचारा आंबे राखतोय.

संशय आला तर आत शिरू नका, आत पेट घेणारं काहीही असू शकतं. गावच्या ग्रुपवर फोटो तर अजिबात टाकू नका, पाखरं सकाळपर्यंत उडतील. सरळ ११२, नाहीतर ड्रग्जची माहिती द्यायची सरकारी मानस हेल्पलाइन १९३३, नाव न सांगताही माहिती देता येते.

एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा, त्याचं कलम २५ वाचून ठेवा, माहीत असून जागा वापरू दिली तर मालकालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा, आणि एमडी ५० ग्रॅमच्या वर गेलं की कमीत कमी १० वर्षं. म्हणून करार, पावत्या, पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सगळं एका फायलीत ठेवा. शेड आधीच तोंडी दिली असेल तर चतुर्थीची वाट न बघता या शनिवारीच गाडी पकडा.