गुडघ्याखालून पाय काढल्यावर स्टंपची (उरलेल्या पायाच्या टोकाची) जखम घरी कशी सांभाळायची

टाके निघाले की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. पण तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम एकपंचमांश ताकद आलेली असते. वरून मिटलेली दिसली तरी एका धक्क्याने ती उलते.

ऑपरेशननंतर पहिले चार-पाच दिवस थोडी लाली, ऊब आणि गुलाबी-पिवळसर पाणी येणं स्वाभाविक आहे. ही लाली रोज कमी व्हायला हवी. शंका आली तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असेल तर सर्जनला दाखवा. टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी काढतात. मधुमेह असेल किंवा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर आणखी उशीर लागतो, तेव्हा घाईचा हट्ट धरू नका.

ड्रेसिंगआधी साबणाने हात धुवा. गॉझ चिकटला असेल तर ओढू नका. नॉर्मल सलाईनने भिजवून पाच मिनिटं थांबा, तो आपोआप सुटतो. हळद, तेल, पावडर यातलं काहीही जखमेवर घालायचं नाही. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. घामाने पट्टीखालची कातडी पांढरी, फुगलेली झाली की तिथेच जंतू वाढतात, म्हणून ओली झालेली पट्टी ठरलेल्या वेळेची वाट न बघता बदला. खाट कूलरच्या अगदी तोंडाशी नको, त्या दमट हवेत पट्टी सुकत नाही.

सूज उतरवायला सर्जनने सांगितल्यावरच क्रेप बँडेज बांधा. रुंदी चार इंची. पट्टा तिरका, इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा: टोकाशी घट्ट, वर जाताना सैल, शेवट गुडघ्याच्या वर. गोल-गोल वेढे दिले तर दोरीने आवळल्यासारखं होऊन खालचं रक्त अडतं. शेवटी पिन न लावता चिकटपट्टी लावा. दर चार ते सहा तासांनी सोडून पुन्हा बांधा. ठणका लागला किंवा टोक निळसर झालं तर लगेच सोडा.

गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. खाटेवरून स्टंप लोंबकळत ठेवून बसू नका, त्याने सूज वाढते.

सगळ्यात जास्त घात रात्री होतो. पाय आहेच असं मेंदूला अजून वाटत असतं. माणूस झोपेत लघवीला उठतो, थेट स्टंपवर पडतो आणि टाके फाटतात. दिवा सुरू ठेवा, वॉकर हाताशी आणि युरिन पॉट खाटेजवळ ठेवा. नसलेल्या पायात दुखणं किंवा खाज येणं म्हणजे जखम बिघडली असं नाही. त्यावर औषधं आहेत, डॉक्टरांना सांगा.

विडी सोडली, पण खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) चालतो, असं धरून चालू नका. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त न पोचलेली कड काळी पडते. खर्राही पूर्ण बंद. साखर १८०च्या खाली ठेवायचा प्रयत्न हवा. साठ किलोच्या माणसाला रोज ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या वरणात साधारण तेवढेच, म्हणजे नुसत्या वरण-भातावर जखम भरायची नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

काळी कड, पू, दुर्गंधी, १००.४च्या वर ताप, टाका उघडणं किंवा स्टंप गार पडणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात किंवा ऑपरेशन झालं तिथे जा. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा, स्टंप वर उचला. थांबत नसेल तर दाब तसाच ठेवून निघा.

जखम पूर्ण मिटल्यावर, सर्जनच्या परवानगीने, व्रण बोटांनी हळूहळू हलवत राहा. नाहीतर तो हाडाला चिकटतो आणि कृत्रिम पायात घासतो. दर आठवड्याला टेपने त्याच जागी घेर मोजून लिहून ठेवा. दोन-तीन आठवडे घेर बदलला नाही की कृत्रिम पायाचं माप द्यायला जाता येतं. त्यासाठी साधारण सहा-आठ आठवडे लागतात, मधुमेहात त्याहून जास्त.